गायक बदलतो तेव्हा : 'बॅक इन ब्लॅक', 'रॉक मशीन' आणि समूहाच्या ओळखीचा प्रश्न

सारांश

संगीतसमूहातील प्रमुख गायक बदलल्यानंतर तयार होणारा पहिला अल्बम ही त्या समूहाच्या ओळखीची कसोटी असते. ऑस्ट्रेलियातील एसी-डीसी या हार्ड रॉक समूहाचा १९८० चा 'बॅक इन ब्लॅक' आणि मुंबईच्या रॉक मशीन या समूहाचा १९८८ चा 'रॉक अँड रोल रेनेगेड' या दोन अल्बमांच्या आधारे प्रस्तुत लेखात या कसोटीचे स्वरूप स्पष्ट केले आहे. मराठी संगीत रंगभूमी व भजनी मंडळ यांच्याशी तुलना करता असे दिसते की, नव्या गायकाचे यश जुन्या आवाजाच्या अनुकरणावर अवलंबून नसून समूहाने आपली ओळख कशात साठवली आहे यावर अवलंबून असते.

बीजसंज्ञा : हार्ड रॉक, रिफ, अल्बम, गायकबदल, संगीत नाटक मंडळी, भजनी मंडळ

प्रस्तावना

समूहसंगीतात श्रोत्याच्या कानावर अनेक वाद्ये पडत असली तरी त्याच्या स्मरणात प्रथम राहतो तो गायकाचा आवाज. वादकांची नावे बहुसंख्य श्रोत्यांना ठाऊक नसतात. गायक मात्र समूहाचा चेहरा होऊन बसतो. त्यामुळे गायकाचा मृत्यू झाला, तो समूह सोडून गेला किंवा त्याला वगळण्यात आले, तर समूहापुढे केवळ एक रिक्त जागा भरण्याचा प्रश्न उरत नाही. "आता हा समूह तोच आहे काय?" असा प्रश्न श्रोते विचारू लागतात आणि त्याचे उत्तर समूहाला नव्या निर्मितीतूनच द्यावे लागते.

हा प्रश्न महाराष्ट्राला अपरिचित नाही. भाऊराव कोल्हटकर यांच्यानंतर किर्लोस्कर नाटक मंडळीचे काय होणार, ही चिंता विसाव्या शतकाच्या आरंभी मराठी रसिकांनी अनुभवली होती. रॉक संगीत हा मराठी विद्यापीठीय चर्चेत फारसा न आलेला विषय आहे. परंतु वर उल्लेखिलेला प्रश्न त्या संगीतात जितक्या ठळकपणे उभा राहतो तितका अन्यत्र क्वचित राहतो. कारण तेथे अल्बम हा निश्चित तारखेचा, पुन्हापुन्हा ऐकता येणारा पुरावा उपलब्ध असतो. बदलापूर्वीचा व बदलानंतरचा अल्बम शेजारी ठेवून नेमके काय बदलले आणि काय टिकले हे तपासता येते.

१. हार्ड रॉकची रचना व त्यातील गायकाचे स्थान

हार्ड रॉक हा रॉक संगीताचा प्रकार १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटन व अमेरिका येथे आकारास आला. ब्लूज या आफ्रिकी-अमेरिकी संगीतप्रकाराची चौकट, विद्युत गिटारचा मुद्दाम खरखरीत केलेला मोठा ध्वनी, ठाशीव ताल आणि वरच्या पट्टीतील जोरकस गायन ही त्याची मुख्य लक्षणे होत. लेड झेपेलिन, डीप पर्पल व ब्लॅक सबाथ हे या प्रकाराचे आरंभीचे महत्त्वाचे ब्रिटिश समूह मानले जातात.

या संगीताचा कणा म्हणजे 'रिफ'. रिफ म्हणजे गिटारवर पुनःपुन्हा वाजविला जाणारा छोटा, सहज ओळखू येणारा स्वरलयबंध. ख्यालगायनात बंदिशीचा मुखडा जसा पुन्हापुन्हा समेवर येऊन गायनाला आधार देतो, तसेच काहीसे कार्य रिफ करतो. फरक असा की मुखडा गायकाचा असतो, तर रिफ वादकाचा असतो. गायक गाण्यास आरंभ करण्यापूर्वीच रिफवरून गाणे ओळखले जाते.

रिफमध्ये बहुधा 'पॉवर कॉर्ड' वापरला जातो. त्यात आधारस्वर व त्याचा पंचम एवढेच असतात. गंधार वगळलेला असतो. भारतीय श्रोत्याला षड्ज-पंचमाची ही जोडी तंबोऱ्यामुळे परिचित आहे. गंधार वगळण्याचे कारण तांत्रिक आहे. खरखरीत केलेल्या ध्वनीत अनेक उपस्वर निर्माण होतात. षड्ज व पंचम यांचे गुणोत्तर साधे असल्यामुळे त्यांचे उपस्वर एकमेकांत मिसळून जातात. गंधार मिळविल्यास ध्वनी गढूळ होतो. परिणामी गिटारचा नाद भरीव होतो, परंतु तो भाव निश्चित करीत नाही. तीव्र किंवा कोमल गंधाराने जी भावच्छटा ठरली असती ती ठरविण्याचे काम बऱ्याच अंशी गायकाच्या स्वरांवर येऊन पडते.

यावरून गायकबदलाचा पेच लक्षात येतो. गाण्याचा सांगाडा वादकांच्या हाती असतो, परंतु त्याचा भाव गायकाच्या गळ्यात असतो. गायक बदलला की सांगाडा तोच राहतो आणि भाव बदलतो. हा नवा भाव जुन्या सांगाड्यावर शोभतो किंवा नाही, याची परीक्षा पहिल्या अल्बममध्ये होते.

२. 'बॅक इन ब्लॅक' : शोक आणि सातत्य

एसी-डीसी या समूहाची स्थापना माल्कम यंग व अँगस यंग या गिटारवादक बंधूंनी १९७३ मध्ये सिडनी येथे केली. १९७४ मध्ये पहिले गायक डेव्ह इव्हान्स यांच्या जागी बॉन स्कॉट आले. म्हणजे पुढे ज्यांची जागा कोणी घेऊच शकणार नाही असे मानले गेले, ते स्कॉट स्वतःही एके काळी 'नवे गायक'च होते. ही बाब सहसा विस्मृतीत जाते. जुना गायक हा जन्मतः जुना नसतो. समूहाच्या यशाने तो जुना होतो.

स्कॉट यांची शैली कथेकऱ्याची होती. खट्याळ, किंचित खालच्या सुरात बोलल्यासारखे गाणे आणि शब्दांतून एखादे पात्र उभे करणे हे तिचे विशेष होत. १९७९ च्या 'हायवे टू हेल' या अल्बमने समूहाला अमेरिकेत मोठे यश मिळवून दिले. पुढील अल्बमची तयारी सुरू असतानाच १९ फेब्रुवारी १९८० रोजी लंडनमध्ये अतिमद्यपानामुळे स्कॉट यांचा मृत्यू झाला. त्या वेळी ते ३३ वर्षांचे होते. समूह विसर्जित करावा असा विचार सहकाऱ्यांच्या मनात आला होता. तथापि स्कॉट यांच्या आईवडिलांनीच समूहाने पुढे जावे असे सांगितले. दिवंगताच्या कुटुंबाची ही संमती सहकाऱ्यांच्या दृष्टीने निर्णायक ठरली.

निवड झाली ती न्यूकॅसलच्या ब्रायन जॉन्सन यांची. जॉर्डी या समूहातून त्यांना १९७० च्या दशकात काही प्रमाणात प्रसिद्धी मिळाली होती. मात्र १९८० मध्ये ते मोटारींच्या छतांना व्हिनाइलचे आच्छादन बसविण्याचा व्यवसाय करीत होते. स्कॉट यांनी पूर्वी जॉन्सन यांचे गायन प्रत्यक्ष ऐकून सहकाऱ्यांजवळ त्याची प्रशंसा केली होती, असे अँगस यंग यांनी पुढे सांगितले. जॉन्सन यांचा आवाज स्कॉट यांच्यापेक्षा बराच वरच्या पट्टीचा, ताणलेला आणि खरखरीत होता. समूहाने स्कॉट यांच्यासारखा आवाज शोधला नाही, ही येथे विशेष लक्षात घेण्याजोगी बाब होय.

१९८० च्या एप्रिल-मे महिन्यांत बहामा बेटांवरील नासाऊ येथील कंपास पॉइंट या ध्वनिमुद्रणगृहात अल्बमचे मुद्रण झाले. 'हायवे टू हेल'चे निर्माते रॉबर्ट जॉन 'मट' लँग हेच याही अल्बमचे निर्माते होते. दहाही गाण्यांचे श्रेय यंग बंधू व जॉन्सन या तिघांना दिले आहे. स्कॉट यांच्या लेखनाचा आधार न घेता नव्या गायकाकडूनच शब्द लिहून घेण्यात आले. त्यामुळे जॉन्सन यांना दुसऱ्यासाठी बेतलेले शब्द आपल्या तोंडी घ्यावे लागले नाहीत.

लँग यांच्या निर्मितीचा गुण म्हणजे मोकळी जागा. शीर्षकगीताचा रिफ काही ठोक्यांत वाजतो, थांबतो आणि त्या निःशब्द जागेत ताल तेवढा ऐकू येत राहतो. फिल रड यांचे ड्रम व क्लिफ विल्यम्स यांचे बेस गिटार कोणत्याही अलंकरणाविना एकच चाल धरून ठेवतात. अशा मोकळ्या रचनेत जॉन्सन यांच्या तार सप्तकाकडे झुकणाऱ्या आवाजाला गिटारच्या ध्वनीशी झगडावे लागत नाही; त्याला स्वतःची जागा मिळते. गाण्याचा सांगाडा नव्या आवाजाला जागा करून देतो म्हणजे काय, याचे हे उत्तम उदाहरण होय.

शोक व्यक्त करण्याची रीतही संयत आहे. आवरण संपूर्ण काळे आहे. पहिल्या गीताचा आरंभ घंटेच्या संथ टोलांनी होतो. या घंटानादासाठी प्रथम इंग्लंडमधील लफबरो येथील स्मारकमनोऱ्यातील घंटेचे मुद्रण करण्याचा प्रयत्न झाला. परंतु टोल पडताच आत वस्ती करणारी पाखरे फडफडू लागत आणि तो आवाजही मुद्रित होई. अखेर त्याच गावातील घंटा ओतणाऱ्या कारखान्यात समूहासाठी तयार होत असलेल्या सुमारे ९०० किलो वजनाच्या घंटेचा नाद मुद्रित करण्यात आला. या टोलांनंतर अल्बममध्ये विलाप नाही; पुढची गाणी उत्साहाचीच आहेत. शोकाला आरंभीची जागा देऊन समूह आपल्या स्वभावाकडे परत येतो.

२५ जुलै १९८० रोजी हा अल्बम प्रकाशित झाला. ब्रिटनमध्ये तो प्रथम क्रमांकावर पोहोचला. अमेरिकेत २०१९ पर्यंत त्याची २ कोटी ५० लाख प्रतींची विक्री प्रमाणित झाली होती. जगभरातील विक्रीचा अंदाज सुमारे ५ कोटी प्रतींचा सांगितला जातो. सर्वाधिक विक्री झालेल्या अल्बमांमध्ये त्याची गणना होते.

याच काळातील अन्य उदाहरणे हाच मुद्दा पुष्ट करतात. डीप पर्पलमध्ये इयन गिलन १९६९ मध्ये आले व १९७० चा 'इन रॉक' हा अल्बम समूहाची दिशाच पालटणारा ठरला. ओझी ऑस्बर्न यांना वगळल्यानंतर ब्लॅक सबाथने रॉनी जेम्स डिओ यांच्यासह १९८० मध्ये 'हेवन अँड हेल' केला. आयर्न मेडनने ब्रूस डिकिन्सन यांच्यासह १९८२ मध्ये 'द नंबर ऑफ द बीस्ट' केला. यांपैकी कोणीही पूर्वीच्या गायकाची प्रतिकृती नव्हता.

३. मुंबईचा 'रॉक मशीन' : वेगळी परिस्थिती, वेगळी कसोटी

पाश्चात्त्य उदाहरणांत नव्या गायकाची तुलना समूहातील जुन्या गायकाशी होते. भारतीय रॉक समूहांची स्थिती निराळी होती. १९८० च्या दशकात मुंबईसारख्या महानगरांतील बहुतेक रॉक समूह परदेशी समूहांची प्रसिद्ध गाणी जशीच्या तशी सादर करीत. श्रोत्यांनाही तेच अपेक्षित असे. महाविद्यालयीन महोत्सव हे या समूहांचे मुख्य व्यासपीठ होते. मुंबईतील रंगभवन या खुल्या प्रेक्षागृहातील मैफली आणि १९८६ पासून भरू लागलेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव यांमुळे श्रोतृवर्ग वाढला, तरी मोजपट्टी परदेशी ध्वनिमुद्रिकेचीच राहिली.

या वातावरणात १९८४ मध्ये रॉक मशीन हा समूह मुंबईत स्थापन झाला. गिटारवादक महेश तिनईकर व बेसवादक मार्क सेल्विन हे त्याचे प्रमुख सदस्य होते. आरंभीच्या गायकाच्या जागी काही काळाने उदय बेनेगल आले. झुबिन बालापोरिया यांच्या कीबोर्डवादनाने समूहाच्या ध्वनीला आणखी एक परिमाण लाभले. १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा समूहाचा पहिला अल्बम आला. तो समूहाच्या स्वतःच्या इंग्रजी रचनांचा होता. भारतात मूळ रचना करणाऱ्या रॉक समूहांना प्रतिष्ठा मिळवून देण्यात या समूहाचा वाटा मोठा मानला जातो.

येथे एक सूक्ष्म भेद करणे आवश्यक आहे. रॉक मशीनच्या पूर्वीच्या गायकाचा आवाज कोणत्याही अल्बममध्ये सर्वदूर पोहोचलेला नव्हता. त्यामुळे बेनेगल यांना मुख्यतः त्या आवाजाशी स्पर्धा करावी लागली नाही. त्यांची अदृश्य स्पर्धा होती ती परदेशी गायकांशी. कारण श्रोत्यांच्या कानात तेच आवाज बसलेले होते. मुंबईत 'जुना गायक' हा समूहात नव्हता, तर कॅसेटमध्ये होता, असे म्हणता येईल. दुसऱ्याचे गाणे गाणाऱ्याला मूळ गायकाच्या जवळ जाता येते, त्याच्या पुढे जाणे कठीण असते. स्वतःचे गाणे गाणाऱ्याला मात्र तुलनेसाठी मूळ प्रतच नसते. तोच मूळ प्रत ठरतो. म्हणून रॉक मशीनच्या बाबतीत नव्या गायकाचा खरा प्रवेश नव्या रचनांमुळे शक्य झाला.

या अल्बमला मर्यादा नव्हत्या असे नाही. त्याचा ध्वनी, शब्दयोजना व आविर्भाव यांवर तत्कालीन पाश्चात्त्य हार्ड रॉकची छाया स्पष्ट आहे. रचना स्वतःची असली तरी भाषा व संकेत उसने होते, हा आक्षेप सर्वस्वी नाकारता येत नाही. समूहाच्या पुढील वाटचालीत या आक्षेपाची जाणीव दिसते. १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग' हा दुसरा अल्बम आला. १९९१ पासून उपग्रह वाहिन्या भारतात पोहोचल्या आणि समूहाच्या चित्रफिती आशियाभर दिसू लागल्या. १९९३ मध्ये 'प्रीटी चाइल्ड' या गीताच्या चित्रफितीला एमटीव्हीचा आशिया विभागातील प्रेक्षकपसंती पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी समूहाने 'इंडस क्रीड' हे सिंधू नदीचा निर्देश करणारे नाव धारण केले व १९९५ मध्ये त्याच नावाचा अल्बम प्रकाशित केला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात समूह थांबला. २०१० मध्ये बेनेगल, तिनईकर व बालापोरिया पुन्हा एकत्र आले. बेस व ड्रम यांसाठी रुशाद मिस्त्री व जय रो कवी हे नवे वादक घेऊन २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम करण्यात आला.

दोन्ही समूहांची तुलना येथे उद्बोधक ठरते. एसी-डीसीमध्ये गायक बदलला, पण नाव, रिफ व ताल टिकले. इंडस क्रीडमध्ये नाव बदलले, तालवादक बदलले, पण गायक टिकला. पहिल्या समूहाची ओळख गिटारच्या चालीत साठविलेली होती. दुसऱ्याची ओळख हळूहळू बेनेगल यांच्या आवाजात व मूळ रचना करण्याच्या आग्रहात साठत गेली.

४. किर्लोस्कर मंडळीचा दाखला

हीच कसोटी मराठी संगीत रंगभूमीला लावता येते. १८८० मध्ये 'शाकुंतल'च्या प्रयोगाने अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत नाटकाची वाट सुस्थिर केली. १८८५ मध्ये त्यांचे निधन झाले, तरी मंडळी चालत राहिली, कारण नाटके, पदे व भाऊराव कोल्हटकरांचा गळा हे तीनही आधार शाबूत होते. १९०१ मध्ये भाऊराव गेले. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस म्हणजेच बालगंधर्व मंडळीत आले व शकुंतलेच्या भूमिकेत उभे राहिले. पदे तीच होती, परंतु गायकी पालटली होती.

बालगंधर्वांच्या गळ्याला साजेशी स्वतंत्र निर्मिती झाली ती १९११ च्या 'मानापमान'मध्ये. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या या नाटकातील पदांच्या चाली गोविंदराव टेंबे यांनी दिल्या. 'बॅक इन ब्लॅक'प्रमाणेच येथेही नव्या आवाजासाठी नवी रचना झाली आणि तिने इतिहास घडविला. मात्र पुढचा भाग वेगळा आहे. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस व टेंबे बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. किर्लोस्कर मंडळीला पुढे दीनानाथ मंगेशकरांच्या रूपाने पुन्हा नवा तेजस्वी गायक लाभला. १९१८ मध्ये तेही बाहेर पडून बळवंत संगीत मंडळीत गेले. ज्या संस्थेची ओळख प्रामुख्याने गळ्यात साठते, तिची ओळख गायकाबरोबर दाराबाहेर पडते, असा या घटनाक्रमाचा अर्थ निघतो.

एसी-डीसीच्या बाबतीत उलट प्रत्यय आला. २०१६ मध्ये श्रवणशक्ती गमावण्याच्या धोक्यामुळे जॉन्सन यांना दौरा सोडावा लागला, तेव्हा गन्स अँड रोझेसचे गायक ॲक्सल रोझ यांनी उर्वरित कार्यक्रम पार पाडले आणि गाणी त्या समूहाचीच वाटली. २०२० च्या 'पॉवर अप' या अल्बममध्ये जॉन्सन परतले.

५. अनुकरण, स्मृती आणि भजनी मंडळ

महाराष्ट्रातील वाद्यवृंदांच्या परंपरेत 'व्हॉइस ऑफ मुकेश', 'व्हॉइस ऑफ किशोर' अशी बिरुदे लावणारे गायक लोकप्रिय झाले. त्यांचे कौशल्य कमी लेखण्याचे कारण नाही. श्रोत्यांच्या स्मृतीची ती सेवाच होय. परंतु अशा गायकाकडून नवी निर्मिती अपेक्षित नसते. अनुकरणाने स्मृती जपली जाते, समूह पुढे जात नाही. म्हणूनच नव्या गायकासह अल्बम करणारा समूह अनुकरणाच्या मार्गाने गेल्यास तो स्वतःचाच वाद्यवृंद होऊन बसतो.

याच्या दुसऱ्या टोकाला भजनी मंडळ आहे. वर्धा जिल्ह्यातील गावोगावच्या भजनी मंडळांत पुढे म्हणणारा बदलतो, मागे धरणारे बदलतात, पिढ्याही बदलतात. मंडळ तेच राहते. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील मोझरी येथून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी श्रीगुरुदेव सेवा मंडळाचे कार्य विस्तारले. महाराजांचे खंजिरीवरील भजन हा विदर्भाचा विलक्षण अनुभव होता. १९६८ मध्ये तो आवाज थांबला. तथापि सामुदायिक प्रार्थना व खंजिरी भजन थांबले नाही. याचे कारण असे की तेथे ओळख गळ्यात नसून शब्दांत व सामूहिक उच्चारणात आहे. नव्या गायकाने महाराजांसारखे गावे अशी अपेक्षाच केली जात नाही. शब्द खरे उतरावेत एवढीच अपेक्षा असते.

अर्थात, या तुलनेला मर्यादा आहे. भजन हे साधन आहे, तर अल्बम ही विक्रीची वस्तूही आहे. रॉक समूहाच्या नावाशी वादकांची उपजीविका, करार व श्रोत्यांनी मोजलेले पैसे निगडित असतात. त्यामुळे दिवंगत गायकाच्या जागी दुसरा आणणे हा त्याच्या स्मृतीचा व्यापार आहे काय, हा प्रश्न तेथे रास्तपणे विचारला जातो. चेस्टर बेनिंग्टन यांच्या २०१७ मधील मृत्यूनंतर लिंकिन पार्क या समूहाने एमिली आर्मस्ट्राँग यांच्यासह २०२४ मध्ये 'फ्रॉम झीरो' प्रकाशित केला, तेव्हाही श्रोत्यांत असाच तीव्र मतभेद झाला. या प्रश्नाचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. स्कॉट यांच्या आप्तांची संमती, त्यांच्या स्मृतीला दिलेले स्थान आणि नव्या गायकाला दिलेले लेखनस्वातंत्र्य या तीन गोष्टींमुळे 'बॅक इन ब्लॅक' या आक्षेपातून बऱ्याच अंशी मुक्त राहिला, एवढे मात्र म्हणता येते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) समूहाची ओळख शब्दांत, चालीत, रिफमध्ये किंवा गळ्यात साठविलेली असू शकते. ती जितकी गळ्याबाहेर साठविलेली असेल, तितका गायकबदल सुसह्य होतो.

२) नव्या गायकाला यश मिळते ते नव्या रचनेतून. जुनी रचना त्याला तुलनेत अडकविते. नवी रचना त्याला मूळ प्रत होण्याची संधी देते. 'मानापमान', 'बॅक इन ब्लॅक' व 'रॉक अँड रोल रेनेगेड' या परस्परांहून अत्यंत भिन्न कृतींमध्ये हे सूत्र समान आहे.

३) भारतीय रॉक समूहांच्या बाबतीत गायकबदलाचा विचार केवळ समूहाच्या अंतर्गत इतिहासावरून करता येत नाही. ज्या परदेशी आवाजांच्या सावलीत हे समूह वाढले, त्या आवाजांनाही 'जुना गायक' मानूनच त्यांच्या मूळ रचनांचे मोल ठरवावे लागते.

४) महाविद्यालयीन स्नेहसंमेलने व युवक महोत्सव यांतील समूहगायनात गायक दर दोन-तीन वर्षांनी बदलणे अपरिहार्य असते. तेथे मागील गायकासारखा आवाज शोधण्यापेक्षा नव्या आवाजाची पट्टी पाहून नवी चाल बांधणे अधिक फलदायी ठरेल. परीक्षकांनीही "मूळ गाण्यासारखे झाले काय?" या प्रश्नाबरोबर "हे गाणे या गळ्याचे झाले काय?" हा प्रश्न विचारात घेणे इष्ट होय.